मरगळलेल्या दिवशी कामाचा उरक कसा राखावा?

प्रश्न

मी गेली ९ वर्षे हस्तलिखितांचे संपादन करतो. दिवसभर एकट्याने बसून वाचायचे, वाक्ये दुरुस्त करायची, लेखकाला शंका विचारायच्या आणि ठरलेल्या तारखेला मजकूर छपाईसाठी सोपवायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. महिन्यातले २२ दिवस कामाचे धरले, तर त्यांतले पाच-सहा दिवस असे उगवतात की उठल्यापासूनच अंगात त्राण नसते. ताप नसतो, काही दुखत नसते, मन विशेष उदासही नसते; पण एकच परिच्छेद चार वेळा वाचूनही त्यात काय म्हटले आहे ते डोक्यात शिरत नाही.

अशा दिवशी मी आजवर दोनच मार्ग चोखाळले आहेत. पहिला म्हणजे उसने अवसान आणून नेहमीचेच काम रेटत राहणे. त्यात सकाळी ९ पासून संध्याकाळी ७ पर्यंत टेबलाशी बसूनही एरवी दोन तासांत उरकणारे काम जेमतेम होते, आणि दुसरा दिवसही शिणलेलाच जातो. गेल्या महिन्यात अशाच एका दिवशी तपासलेल्या प्रकरणात तळटीपांचे क्रमांक एका जागेने सरकलेले माझ्या लक्षात आले नाहीत. ते निस्तरण्यात पुढे तीन दिवस गेले. दुसरा मार्ग म्हणजे दिवस सोडून देणे. मात्र सोडलेला दिवसही विश्रांतीचा ठरत नाही, कारण राहिलेल्या कामाची टोचणी मनातून जात नाही आणि रात्री अंथरुणावर पडताना थकवा तेवढाच असतो.

अशा दिवशी काम रेटावे की थांबावे? थोडे काम करायचे ठरवले, तर कोणते निवडावे? आणि हा खरोखरचा थकवा आहे की नुसती टाळाटाळ, हे स्वतःशी प्रामाणिक राहून कसे ओळखावे? ज्यांनी हे भोगून काही मार्ग काढला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा अशी विनंती आहे.

प्रतिसाद १

तुमच्या दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. आज काय करायचे याचा निर्णय तुम्ही त्याच दिवशी, त्याच शिणलेल्या डोक्याने घेता. मी शिकवतो आणि संशोधनाचे लेखनही करतो. माझाही बराच काळ याच पेचात गेला. फरक पडला तो हा निर्णय चांगल्या दिवशी घेऊन ठेवायला लागल्यापासून. टवटवीत असताना मी एक यादी तयार करतो आणि मरगळीच्या दिवशी ती फक्त उघडतो. त्या दिवशी निवड करायची नाही, यादीतली पहिली नोंद हाती घ्यायची, एवढेच.

यादीत काय असावे, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘सोपी कामे’ असा निकष लावला तर फसगत होते. तळटीपांचे क्रमांक तपासणे हे काम वरवर पाहता यांत्रिक आणि सोपेच आहे; तरीही तेच तुम्हाला महागात पडले, कारण त्यातली चूक होताना दिसत नाही आणि नंतर सगळीकडे पसरते. म्हणून मी कामाला दोन प्रश्न विचारतो. यात चूक झाली तर ती लगेच दिसेल का, किंवा दिसली नाही तरी चालण्यासारखी आहे का? आणि हे करताना एकाच वेळी अनेक गोष्टी ध्यानात धराव्या लागतात का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे नकारार्थी असेल, तरच ते काम यादीत येते. तुमच्या व्यवसायात जुन्या आवृत्त्यांच्या फायली नीट नावे देऊन वेगळ्या ठेवणे, कामाच्या नोंदींवरून देयके तयार करणे, पुस्तकभर ज्यांचे लेखन एकसारखे ठेवायचे आहे अशा शब्दांची यादी वाढवत नेणे, पुढच्या हस्तलिखिताची नुसती ओळख व्हावी म्हणून हातात पेन्सिल न घेता ते चाळणे, अशी कामे त्यात बसतील. प्रत्येक नोंदीची सुरुवात हाताने करायच्या कृतीने करावी. ‘फायलींची व्यवस्था’ असे लिहू नये. ‘अमुक फोल्डर उघडून गेल्या वर्षीच्या फायली बाजूला काढणे’ असे लिहावे. शिणलेल्या माणसाला पहिले पाऊलच शोधावे लागले, तर तो तिथेच थबकतो.

दुसरा नियम माझ्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. मरगळीच्या दिवशी परत घेता येणार नाही असे काहीही करायचे नाही. अंतिम मजकूर पाठवायचा नाही, नवे काम स्वीकारायचे किंवा नाकारायचे नाही, रागाच्या पत्राला उत्तर द्यायचे नाही. सर्व मसुदे लिहून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी एकदा वाचून मग पाठवावेत.

मुख्य काम पूर्ण सोडू नये, असे माझे मत आहे. मात्र त्याचा एकच छोटा तुकडा घ्यावा. त्या दिवसातला जो तास त्यातल्या त्यात बरा वाटेल, त्यात ४० मिनिटे, दोन पाने, आणि थांबावे. ती दोन पाने दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागतील असे गृहीतच धरावे. त्यांचा उपयोग एवढाच की धागा तुटत नाही आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात करणे जड जात नाही.

टोचणीबद्दल सांगायचे तर, मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की अपुरे राहिलेले उद्दिष्ट मनात डोकावत राहते खरे, पण ते केव्हा आणि कसे पुरे करायचे याची नेमकी योजना आखली की, काम प्रत्यक्ष झालेले नसतानाही, हा त्रास बराच कमी होतो. म्हणून दिवस सोडायचाच असेल तर नुसता सोडू नये. राहिलेले काम, ते कोणत्या दिवशी किती वाजता घेणार आणि सुरुवात कोणत्या पानापासून करणार, हे कागदावर लिहावे आणि मग टेबलापासून उठावे.

हे सगळे ऐनवेळी आठवावे म्हणून मी ‘असे झाले, तर मी हे करीन’ या साच्यातले वाक्य ठरवून ठेवले आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने या साच्याचा बराच अभ्यास केला आहे. २००६ मध्ये त्याने आणि शीरन याने मिळून ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा अशा ठरावाने काम तडीस जाण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. माझे वाक्य असे आहे: ‘सकाळी १० पर्यंत एकच पान दोनदा वाचूनही डोक्यात शिरले नाही, तर मी यादी उघडीन.’ यात स्वतःशी वाद घालायला जागाच उरत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण त्याआधीचा एक प्रश्न विचारायला हवा. तुम्ही किती झोपता? ‘पुरेशी’ हे उत्तर इथे चालत नाही. व्हॅन डोंगेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्या लोकांची अवधानाची क्षमता १४ दिवसांत इतकी घसरली, की ती सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाच्या पातळीला आली. याहून गंभीर बाब अशी, की पहिल्या काही दिवसांनंतर या लोकांना आपली झोपाळू अवस्था वाढते आहे असे फारसे वाटतच नव्हते. क्षमता मात्र घसरतच होती. म्हणजे ‘मला एवढी झोप पुरते’ ही स्वतःची ग्वाही विश्वासार्ह नाही. प्रौढांनी नियमितपणे ७ तास किंवा अधिक झोपावे, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थांची २०१५ ची एकमुखी शिफारस आहे, आणि अंथरुणात घालवलेले ७ तास म्हणजे झोपेचे ७ तास नव्हेत.

झोपेचे नियमन दोन गोष्टींनी होते, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली याने १९८२ मध्ये केली आणि ती आजही पायाभूत मानली जाते. एक म्हणजे जागेपणी वाढत जाणारा झोपेचा दाब आणि दुसरे म्हणजे शरीरातले सुमारे २४ तासांचे घड्याळ. जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि त्या दाबाला ते हातभार लावते. कॉफीतले कॅफिन हे ॲडेनोसिन नाहीसे करत नाही. ॲडेनोसिन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या जागांवर, जाऊन बसते, त्या जागा कॅफिन अडवून ठेवते. परिणामी थकवा झाकला जातो, फिटत नाही. कॅफिनची निम्मी मात्रा शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात, आणि माणसामाणसांत त्यात पुष्कळ फरक असतो. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनमुळे झोप एका तासाहून अधिक घटली होती. मरगळीच्या दिवशी आपण सहसा संध्याकाळपर्यंत कॉफीचा आधार घेत राहतो, आणि पुढचाही दिवस शिणलेला जाण्यामागे हेच एक कारण असण्याची दाट शक्यता आहे. त्या दिवशी दुपारनंतर कॅफिन बंद, हा नियम निदान महिनाभर पाळून पाहावा.

दुपारी झोपायचे असेल तर १० ते २० मिनिटेच झोपावे. तासभर झोपून उठल्यावर जी गुंगी राहते, ती अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक टिकू शकते आणि त्या वेळी केलेले काम पुन्हा करावे लागते. सकाळी उठल्या उठल्या स्वतःबद्दल निकाल देऊ नये, हेही त्याच कारणाने. जागे झाल्यावर पहिला अर्धा तास डोके जड असणे हे दिवस वाया गेल्याचे लक्षण नाही. शक्य असेल तर तो वेळ घराबाहेरच्या उजेडात घालवावा. आभाळ भरलेले असतानाही बाहेरचा प्रकाश खोलीतल्या दिव्यांच्या उजेडापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतो, आणि शरीरातले घड्याळ जुळते ते मुख्यतः प्रकाशावर.

एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. इच्छाशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी असून वापरली की संपते, ही कल्पना १९९८ पासून फार लोकप्रिय झाली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २,००० हून अधिक लोकांवर तो परिणाम पडताळून पाहिला, तेव्हा तो जवळजवळ दिसलाच नाही. त्यामुळे ‘आज माझी इच्छाशक्ती संपली’ असा निष्कर्ष काढून स्वतःला कोणत्याही बाजूने बांधून घेऊ नये.

प्रतिसाद ३

महिन्यातले पाच-सहा दिवस ही संख्या वाचून मला थांबावेसे वाटले, म्हणून माझा अनुभव लिहिते. मी जवळजवळ दोन वर्षे माझ्या मरगळीवर कामाच्या पद्धतीतून उपाय शोधत होते. वेळापत्रके बदलली, याद्या केल्या, २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती ही पद्धतही पाळली. सुरुवातीला महिन्याचे चार दिवस वाईट जात, पुढे दहा जाऊ लागले, आणि प्रत्येक वेळी मी माझ्या शिस्तीलाच दोष दिला. शेवटी जिने चढताना धाप लागू लागली तेव्हा तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन मर्यादेच्या जेमतेम वर होते, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, ९ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीत ते लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. रक्तक्षय झालेला नसतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो आणि त्याने थकवा येऊ शकतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. उपचारांनंतर चार महिन्यांनी ते दिवस कमी होत गेले. ज्या दोन वर्षांत मी स्वतःला आळशी म्हणत राहिले, त्यांचे दुःख मला आजही आहे, आणि म्हणूनच हे इतक्या कळकळीने सांगते आहे.

थायरॉईडची मंदावलेली क्रिया, ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे, काही औषधांचे परिणाम, यांपैकी कशानेही असा थकवा येतो. नैराश्यही पुष्कळदा उदासीच्या आधी थकव्याच्या रूपाने येते. ‘मन उदास नाही’ एवढ्यावरून ते वगळता येत नाही. तेव्हा एकदा डॉक्टरांकडे जाऊन रक्ताच्या साध्या तपासण्या करून घ्याव्यात, आणि घोरता का, हे घरातल्या कुणाला तरी विचारावे. आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नयेत. साठा प्रमाणाबाहेर वाढला तर तोही घातक असतो.

‘काम रेटावे का’ या प्रश्नाचे एक उत्तर सर्वांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. काही लोकांना थोडे अधिक श्रम झाले की एक-दोन दिवसांनी प्रकृती कोसळल्यासारखी होते आणि ती दिवसेंदिवस सावरत नाही. दीर्घकालीन थकव्याच्या आजाराचे हे मुख्य लक्षण आहे, आणि ब्रिटनमधील उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये या आजारात ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याची जुनी शिफारस मागे घेतली. अशा व्यक्तीने बऱ्या दिवशीही हातचे राखूनच काम करायचे असते. तुम्हाला हाच आजार आहे असे मी अजिबात म्हणत नाही. पण रेटलेल्या दिवसानंतरचा दिवसही वाईट जातो असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून त्याकडे लक्ष ठेवावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. झोपेची नोंद मी कधीच ठेवली नव्हती. अदमासाने साडेसहा तास होत असावी, आणि संध्याकाळी ६ ची कॉफी तर अशा दिवशी ठरलेलीच असते. तपासण्यांचे मी इतकी वर्षे मनावर घेतले नव्हते, ते आता घेईन. रेटलेल्या दिवसानंतर मी कोसळत नाही, एक दिवस मंद जातो आणि तिसऱ्या दिवशी पूर्ववत होतो.

टाळाटाळ कशी ओळखावी, हे मात्र अजून उमगलेले नाही. शिवाय माझ्या कामाच्या तारखा इतरांशी बांधलेल्या असतात. मुखपृष्ठकार, मुद्रक, लेखक हे सगळे माझ्यासाठी थांबतात, आणि ‘आज बरे वाटत नाही’ असे महिन्यातून पाच वेळा सांगणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रतिसाद ४

तारखांबद्दल लिहितो. पाच वेळा सांगण्याची गरज पडते, कारण तारखा देताना तुम्ही २२ चांगले दिवस धरता. तसे २२ दिवस तुम्हाला मिळतच नाहीत. तुमच्याच आकड्यांवरून हिशेब केला, तर १७ दिवस पूर्ण कामाचे आणि ५ दिवस पाव कामाचे, म्हणजे एकूण सव्वाअठरा दिवस होतात. त्यातून निस्तरण्यात जाणारा वेळ वगळला की १७ च उरतात. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसे सर्व काही सुरळीत चालेल असे धरून बांधतात आणि आपला मागचा अनुभव बाजूला ठेवतात, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिले आहे. तेव्हा पुढच्या पुस्तकाची तारीख महिन्याला १७ दिवस धरून द्यावी. मग अशा दिवशी कुणाला काही कळवण्याचा प्रसंग क्वचितच येईल, आणि आलाच तर प्रकृतीचे वर्णन न करता ‘हे प्रकरण गुरुवारऐवजी शुक्रवारी मिळेल’ एवढे सकाळीच कळवावे. समोरच्याला तुमच्या थकव्यापेक्षा नव्या तारखेची माहिती अधिक उपयोगाची असते.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे उत्तर

टाळाटाळीबद्दल माझी कसोटी साधी आहे. नेमके जे काम नकोसे वाटते तेच हातात घेऊन १० मिनिटे बसतो. टाळाटाळ असेल तर दहा मिनिटांत अडचणीचे नाव सापडते: हे प्रकरण कंटाळवाणे आहे, या लेखकाशी बोलायची धास्ती वाटते, या वाक्याचे काय करावे ते सुचत नाही. नाव सापडले की हात चालू लागतो. खऱ्या थकव्यात दहा मिनिटांनंतरही अडचणीला नाव नसते आणि अक्षरे तशीच डोळ्यांपुढून सरकत राहतात. आणखी एक खूण अशी, की टाळाटाळीत आवडीच्या गोष्टीला उत्साह असतो. थकव्यात आवडीचे पुस्तकही उचलवत नाही. या दोन्हींची सरमिसळ असलेले दिवसही येतात. तेव्हा मी थकवा आहे असेच धरतो, कारण चुकून यादीवर घालवलेल्या एका दिवसाचे नुकसान थोडे असते, आणि चुकून रेटलेल्या दिवसाचे किती होते ते तुम्ही तळटीपांच्या प्रकरणात पाहिलेच आहे.

प्रतिसाद ३ लिहिणारीचे उत्तर

ही कसोटी मला मान्य आहे, पण ज्यांची प्रकृती श्रमानंतर कोसळते त्यांनी ती वापरू नये. त्यांच्यासाठी ती दहा मिनिटेही महाग पडू शकतात. आणि आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणे दोन आठवडे सलग टिकले, तर ते केवळ थकव्याचे लक्षण समजून सोडून देऊ नये; डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आजचा दिवस चांगला आहे, म्हणून यादी आजच केली. चौदा नोंदी झाल्या; त्यांतल्या तीन ‘चूक लगेच दिसेल का’ या प्रश्नावर अडल्या म्हणून काढून टाकल्या. विषयसूचीचे पृष्ठक्रमांक तपासण्याचे काम त्यांतलेच एक होते आणि मी ते नेमके थकलेल्या दिवसांसाठी राखून ठेवत आलो होतो. झोपण्याची, उठण्याची आणि शेवटच्या कॉफीची वेळ वहीत लिहायला आजपासून सुरुवात करतो आहे. तपासण्यांसाठी सोमवारची वेळ घेतली आहे, आणि हातातल्या पुस्तकाची तारीख १७ दिवसांच्या हिशेबाने चार दिवस पुढे ढकलल्याचे मुद्रकाला कळवले आहे. त्याने काहीही न विचारता नवी तारीख लिहून घेतली.